चढायची बाजू

"एप्रिल संपायच्या आत," असं सर्जन म्हणाला होता. तेही बुरुलकडे बघून नाही, तिच्या नवऱ्याकडे बघून. गाठ बुरुलच्या छातीत होती, पण बिश्केक शहरातल्या दवाखान्याच्या त्या खोलीत सगळं बोलणं तिच्या डोक्यावरून तुरातशी चाललं होतं, मेस्त्री गाडीच्या मालकाशी बोलतो तसं. "वाढणारी आहे. बटाटे नाहीत तळघरात ठेवायला. पंचवीसला दाखल करा, सत्तावीसला काढून टाकू." तुरातनं मान हलवली. बावीस वर्षं तो कोच्कोर ते बिश्केक टॅक्सी चालवत होता, आणि कोणी तारीख सांगितली की मान हलवायची, एवढं त्याला छान जमायचं.

पंचवीसला अजून अठरा दिवस होते. हे अठरा दिवस कसे काढायचे ते मात्र कोणी सांगितलं नाही. औषधाची चिठ्ठी दिली नाही, पथ्य दिलं नाही. घरी जा आणि थांबा, एवढंच.

परतीच्या वाटेवर बुरुलची सासू गाडीत पुढे बसली होती. पुढची जागा तिचीच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाठ ताठ, डोक्याला पांढरा रुमाल, आणि प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्द तिचा. घाट संपायच्या आत तिनं ठरवून टाकलं.

"गावात कोणी विचारलं तर दात म्हणून सांगायचं."

"दात, एने?" बुरुलनं मागून विचारलं. सासूला ती एने, म्हणजे आई, म्हणायची.

"हो, दात. दातांसाठी शहरात जावंच लागतं. तुरात, तू पण दातच म्हणायचं."

"बरं," तुरात म्हणाला. त्यानं आईसमोर दुसरं काही म्हटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

त्या आजाराचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. वाईट दुखणं म्हणायचे, तेही आवाज खाली करून, जणू आजार कुंपणापलीकडे कान लावून बसलाय. ज्या घरात ते निघालं त्या घरातल्या मुलींना मागणी येत नाही, असा लोकांचा समज. बुरुलची एकुलती मुलगी चिनारा मॉस्कोत एका गोदामात खोकी भरत होती आणि तिला मागणी येण्याची चिंता तिला स्वतःला सोडून सगळ्यांना होती. तेव्हा ठरलं, दात.

शेजारच्या रापियानं दुसऱ्याच दिवशी कुंपणावरून हाक मारली. रापिया म्हणजे गावाचा रेडिओ, फक्त हा बंद करता येत नाही.

"दात काढायला चाललीस म्हणे शहरात. किती काढणार?"

"एक," बुरुल म्हणाली.

"एकच ना? मग तोंड का एवढं पाडलंयस? माणसाला बत्तीस असतात."

बुरुल तशीच उभी राहिली. बादली हातात, गाय मागे हंबरत होती. तिला म्हणावंसं वाटलं, माझ्याकडे दोनच आहेत गं. दोन्हींवर मिळून तीन पोरं वाढली, त्यातलं एक गेलं, आणि आता दोनांतला एक मला कापून द्यायचाय. पण ती म्हणाली, "दुखतो ना," आणि गोठ्यात गेली.

वाट बघणं तिला नवीन नव्हतं. बर्फ वितळायची वाट बघितली होती, मुलगा सैन्यातून परत यायची बघितली होती. पण त्या वाटेला काहीतरी काम जोडलेलं असायचं. ही वाट वेगळी होती. हिच्यात आतमध्ये कोणीतरी काम करत होतं आणि बुरुल नुसती बसली होती. कणीक मळताना, कोकराला बाटली लावताना, चुलीत शेणी घालताना तिला वाटायचं, आत्ता, ह्या घटकेला ती वाढतेय. हात आपोआप स्वेटरच्या आत जायचा. जर्दाळूच्या बीएवढी होती. काल पण एवढीच होती का? बोट तिच्यावर ठेवून ती मोजायला बघायची आणि मग स्वतःचाच राग यायचा, कारण बोटाला कालचा आकार आठवत नाही.

चिनारा रोज फोनवर आवाजी निरोप पाठवायची. "आई, खंबीर राहा." खंबीर राहायला काय जातं, फोनवरच्या माणसाला. बुरुलनं एकदा उत्तर पाठवलं, "तू खंबीर राहा, मी घाबरते," आणि पाठवून झाल्यावर लगेच पुसून टाकलं. पोरगी चार हजार किलोमीटरवर, ती घाबरून काय करणार होती.

घरात सासू तिला काम कमी सांगायची नाही, पण सांगण्याआधी थोडं थांबायची. तेवढीच सहानुभूती. बुरुलनं तीही पदरात पाडून घेतली.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढे घोडं तिथेच अडलं.

सुनेनं सासरच्या थोरांचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव काढायचं नाही म्हणजे नावासारखा शब्दही काढायचा नाही. ज्याच्या नावात लांडगा, त्याची सून लांडग्याला ओरडणारा म्हणते. रापियाचं तसंच होतं, आणि तिचं बरं होतं, कारण लांडगा काही रोज लागत नाही. बुरुलच्या सासऱ्याचं नाव होतं सोल्तो. आणि सोल म्हणजे डावं. एका नावापायी जगाची अर्धी बाजू तिच्या तोंडून काढून घेतली गेली.

मग तिनं शब्द घोड्याकडून उसना घेतला. घोड्यावर ज्या अंगानं चढतात ते डावं. तिनं डाव्याला कायम चढायची बाजू म्हटलं. पोरांना बूट घालताना, "हा चढायच्या पायातला." तुरातला गाडीत, "पुढे चढायच्या बाजूला वळा." पोरं शाळेत गेल्यावर गुरुजींकडून त्यांना कळलं की जगात ह्याला दुसरा शब्द आहे, आणि घरी येऊन दोघं दिवसभर तोच ओरडत फिरली, आईला चिडवायला.

एकदाच चुकली होती. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. थोरल्या दिराच्या पोरानं बूट उलटे घातले होते, आणि घाईत तिच्या तोंडून निघून गेलं, "अरे, तो सोल पायातला आहे." सासूनं हातातली पळी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी बुरुलच्या माहेरी निरोप गेला. तिसऱ्या दिवशी तिचा बाप, शेतावरचा ट्रॅक्टर चालवणारा साधा माणूस, दोरीला मेंढा बांधून नऊ किलोमीटर चालत आला. अख्ख्या गावातून, सगळ्या खिडक्यांसमोरून. दारात उभं राहून त्यानं लेकीच्या जिभेबद्दल माफी मागितली. सासरा, ज्याचं नाव निघालं होतं तो सोल्तो, बिचारा ओशाळून म्हणाला, "अहो, राहू द्या की, पोर आहे." पण सासूनं पुढे होऊन दोरी हातात घेतली.

बापाच्या बुटांना घोट्यापर्यंत चिखल होता. बुरुलनं त्याला चहा दिला तेव्हा त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून तो शब्द तिच्या तोंडात असा मेला की स्वप्नातही आला नाही. सासरा नऊ वर्षांपूर्वी गेला, तरी आला नाही.

पंचवीसला सकाळी ते तिघं निघाले. सासूला कोणी चल म्हटलं नव्हतं. पण सून दवाखान्यात जाते आणि घरचं मोठं माणूस बरोबर नाही, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं. तिनं पिशवीत बोर्सोक, कणकेचे तळलेले गोळे, भरले, थर्मास घेतला आणि पुढच्या जागेवर जाऊन बसली.

दवाखान्यात तुरात त्यांना दारात सोडून गाडी लावायला जागा शोधत गेला. दाखल करून घ्यायच्या टेबलापुढे रांग होती. बायकांबरोबर आलेले पुरुष, फायली, पिशव्या. टेबलामागे एक नर्स, विशीतली, लांब नखांची, शहरातच जन्मलेली आणि शहरातच वाढलेली. सासूला बाजूच्या बाकावर जागा मिळाली, टेबलापासून दोन हातांवर.

"एजे," म्हणजे ताई, "नाव? जन्मसाल? पोरं किती?" नर्स न बघता विचारत होती आणि लिहीत होती. "ऑपरेशन कुठल्या बाजूचं?"

बुरुलनं मागे बघितलं. सासू तिच्याकडेच बघत होती.

"चढायच्या बाजूचं," बुरुल म्हणाली.

"कसली बाजू?"

"घोड्यावर चढतात ती."

नर्स हसली. वाईट नाही हसली, गंमत वाटली म्हणून हसली. "बरं बाई, घोड्यावर." तिनं पेन हवेत धरून क्षणभर कल्पना केली, एक पाय थोडा हलला टेबलाखाली. तिनं आयुष्यात घोडा बघितला होता तो चौकातल्या पुतळ्याखालचा. "कळलं," ती म्हणाली, आणि तिला जी बाजू कळली ती लिहिली. उजवी.

हातानं दाखवायला काय झालं होतं, असं कोणी विचारील. रांगेत मागे चार पुरुष उभे होते. त्यांच्यासमोर स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा? बुरुलचे दोन्ही हात पर्सवर होते आणि तिथेच राहिले. शिवाय नर्स कळलं म्हणाली होती. आणि बुरुलला आयुष्यात असा माणूस भेटला नव्हता ज्याला घोड्यावर कुठून चढतात ते माहीत नाही.

"इथे सही. इथे. इथे पण. ह्याच्या मागे." सात सह्या झाल्या. बारीक अक्षरातलं रशियन. तिनं पर्समधून चष्मा काढायच्या आत पुढचा कागद यायचा.

बाकावर सासू शेजारच्या बाईला सांगत होती, "माझी सून. तीस वर्षं झाली. एकदा सोडलं तर आमच्या ह्यांचं नाव नाही निघालं कधी तोंडातून. आता बघितलंत ना, इथे दवाखान्यातसुद्धा." आवाजात असा अभिमान की जणू पोरीनं पदक आणलंय. बुरुलला ते ऐकू आलं. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. तीस वर्षांत सासूनं तिचं कौतुक करण्याची ती दुसरी वेळ होती. ह्या बरं वाटण्याची पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

खोलीत सहा खाटा होत्या. शेजारच्या खाटेवर झिना नावाची एक रशियन म्हातारी होती, तीन दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेली, छातीला पट्ट्या, काखेतून निघालेली नळी एका बाटलीत सोडलेली. ती बाटली खिशात घालून ती व्हरांड्यात फेऱ्या मारायची.

"घाबरतेस?" तिनं रशियनमध्ये विचारलं.

"हो."

"घाबर. मी पण घाबरले. वाट बघणं सगळ्यात हरामखोर. कापल्यावर निदान दुखतं तरी, दुखतंय त्यावर हात ठेवता येतो."

अठरा दिवसांत बुरुलशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. तिला ती म्हातारी बहिणीसारखी वाटली. दोघींनी मिळून बोर्सोक संपवले. रक्त काढून नेलं, छातीचा फोटो झाला, कुठलीतरी नळी फिरवून हृदय बघितलं. सगळीकडे तोच कागद पुढे पुढे जात होता, आणि त्याच्यावर लिहिलेलं प्रत्येक टेबलावर उतरवून घेतलं जात होतं.

सत्तावीसला तिनं पहाटे उठून केस धुतले. पोटात काही घालायचं नव्हतं. मागून बांधायचा गाऊन घातला, पायात चिनारानं पाठवलेले नवे मोजे. आणि मग एक अजब गोष्ट झाली. भीती गेली. बस, आजच. दुपारपर्यंत ती गाठ कुठल्यातरी बादलीत असेल आणि आपण खाटेवर. बुरुल खाटेच्या कडेला बसून चक्क गुणगुणत होती. झिनानं तिच्याकडे बघून अंगठा वर केला.

सर्जन आठला आला. मागे फाइल घेतलेली दुसरी नर्स. दारात सासू थर्मास घेऊन आणि तिच्यामागे तुरात.

सर्जननं गाऊन बाजूला करायला सांगितलं. हातानं चाचपलं. थांबला. फाइल मागितली. फाइल वाचली, पुन्हा चाचपलं, उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा फाइल.

"हे उजवी कोणी लिहिलं?"

सर्जननं कागद उलटले. एक, दोन, तीन, सातही कागद. जिल्ह्याच्या दवाखान्याचा जुना कागद सर्वांत खाली होता, त्यावर डावी. त्यानंतरच्या सगळ्यांवर उजवी, आणि सगळ्यांखाली बुरुलची सही.

आणि मग पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला. "तुम्ही काय सांगितलं होतं?"

"चढायची बाजू," बुरुल म्हणाली.

सर्जन डोंगराकडचाच असणार. त्याला ते तिथल्या तिथे कळलं. तो शेजारच्या स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "म्हणजे डावी."

"हो."

"मग डावी म्हणायला काय झालं होतं?"

बुरुलची नजर दाराकडे गेली. सर्जननं तिच्या नजरेमागोमाग तिकडे बघितलं, पांढरा रुमाल बघितला, आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोणाचं नाव?"

"सासऱ्यांचं."

तो एक शिवी देणार होता, ती त्यानं गिळली. मग उभा राहून त्यानं तुरातला सांगायला सुरुवात केली, सवयीनं. मंजुरी उजव्या बाजूची, समितीची सही उजव्या बाजूवर, भूल देणाऱ्याचा कागद उजव्या बाजूचा. सगळं नव्यानं करावं लागेल, आणि उजवी बाजू लिहिलीच आहे तर ती निर्दोष असल्याचीही तपासणी करून जोडावी लागेल. समिती बसते गुरुवारी. परवापासून ऑपरेशनची खोली धुवायला बंद. मग मेच्या सुट्ट्या. तेरा मे.

"आत्ता इथेच खोडून दुरुस्त केलं तर?" तुरातनं विचारलं. "आपण सगळे आहोतच."

"कागद एकमेकांशी भांडतायत आणि मी सुरी चालवू? उद्या तुम्हीच माझी गचांडी धराल."

"तेरा मे म्हणजे सोळा दिवस," बुरुल म्हणाली. तिचा गाऊन अजून एका खांद्यावरून उतरलेला होता, आणि आता खोलीत पुरुष आहेत ह्याचं तिला काही वाटत नव्हतं. "सोळा दिवसांत ती वाढेल?"

सर्जननं तुरातकडे बघितलं, मग आपली चूक कळल्यासारखं परत तिच्याकडे. "सांगता येत नाही."

"पसरेल?"

"खरंच सांगता येत नाही, एजे. तुम्ही तर एप्रिल संपायच्या आत आलात. मीच बोलावलं होतं." तो गेला. जाताना व्हरांड्यात कोणावर तरी ओरडल्याचा आवाज आला. ती लांब नखांची पोरगी असेल. बुरुलला तिची कीव नाही आली, रागही नाही आला.

झिना खाटेवरून बघत होती. तिला किर्गिझ कळत नव्हतं, पण बुरुल गाऊन काढून स्वेटर घालतेय हे दिसत होतं. ती खिशातली बाटली सावरत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

गाडी शहराबाहेर पडली. मग सासू बोलली.

"ह्या शहरातल्या पोरी. घोड्यावर कुठून चढतात ते माहीत नाही, आणि म्हणे किर्गिझ. कुठल्या आईनं जन्माला घातली कोण जाणे."

तुरातनं आरशातून मागे बघितलं. "एक शब्द होता, बुरुल. एक."

"तुमच्या वडिलांचं नाव होतं."

"अगं पण दवाखान्यात…"

"दवाखान्यात तुम्ही होतात कुठे? तुम्ही म्हटलं असतंत की. तुम्हाला चालतं." तुरातचे कान लाल झाले. तो गाडी लावायला गेला होता. आयुष्यात जेव्हा जेव्हा काही घडलं तेव्हा तो गाडी लावायलाच गेलेला होता, असं बुरुलला त्या क्षणी वाटलं, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

"नर्सचीच चूक," सासू पुन्हा म्हणाली. "माझी सून बरोबरच बोलली."

बुरुल खिडकीतून बघत होती. नदी गढूळ झाली होती, बर्फाचं पाणी उतरत होतं. स्वेटरच्या आत तिचा हात होता. ती तिथेच होती, जर्दाळूच्या बीएवढी, किंवा थोडी मोठी, किंवा तेवढीच.

बोओमच्या घाटात तुरात नेहमीच्या टपरीवर थांबला. त्याला टायरची हवा बघायची होती म्हणे. दोघी बायका आत जाऊन बसल्या. मेणकापड घातलेलं टेबल, त्यावर एक किटली, एक नान, साखरेची वाटी. टपरीवाली चहा ठेवून बाहेर गेली. बुरुलच्या पोटात कालपासून काही नव्हतं, पण तिला भूक नव्हती. सवयीनं तिनं सासूच्या वाटीत आधी चहा ओतला, अर्धी वाटी, मान द्यायचा म्हणून अर्धीच, आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

सासूनं घोट घेतला. नानचा तुकडा मोडला. सुनेचं तोंड बघून तिला काहीतरी बोलावंसं वाटलं असणार, दिलासा द्यायचा म्हणून.

"तू पण भोळीच गं," ती म्हणाली. मायेनं म्हणाली, तेच वाईट. "म्हणून टाकायचंस की. मेलाय तो, नऊ वर्षं झाली. काय ऐकायला येणार होता?"

बुरुलच्या हातात किटली होती. ती तिनं खाली ठेवली.

तीस वर्षं. बापाच्या बुटांवरचा चिखल, त्याची खाली गेलेली मान. पोरांच्या पायात बूट घालताना गिळलेला शब्द. सात सह्या. आणि हे सगळं कोणासाठी होतं? सोल्तो तर तेव्हाही ओशाळून राहू द्या म्हणाला होता. तो कधी ऐकतच नव्हता, जिवंत असतानाही. ऐकणारी ही होती. परवा बाकावर बसून दोन हातांवरून ऐकत होती ती हीच. आणि आता हीच म्हणते, म्हणून टाकायचंस.

"शारिपा," बुरुल म्हणाली.

सासूचं नाव. बुरुलला ते तीस वर्षं माहीत होतं. पेन्शनच्या पुस्तकावर वाचलं होतं, लग्नाच्या पत्रिकांवर वाचलं होतं. जिभेवर पहिल्यांदा आलं. गावात म्हातारीपेक्षा मोठं आता कोणी उरलं नव्हतं, नवरा गेला, बहिणी गेल्या. त्या नावानं तिला हाक मारणारं माणूस बरीच वर्षं पृथ्वीवर नव्हतं.

"हं?" म्हातारी म्हणाली. कळायच्या आधीच म्हणाली, अंगणात खेळणाऱ्या पोरीला आईनं हाक मारल्यावर ती ओ देते तशी. मग कळलं, आणि तिच्या हातातला नानचा तुकडा तसाच राहिला.

"त्याला ऐकू येत नाही म्हणालीस ना," बुरुल म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिनं आदराचा शब्द टाकून तू म्हटलं होतं आणि आकाश कोसळलं नव्हतं, मेणकापडावर एक माशी चालत होती तेवढी. "तुला येतं. सोळा दिवस आहेत, शारिपा. गाठ डावीकडे आहे. सोल. सोल्तोमधलं सोल. ह्या सोळा दिवसांत माझ्या आत ती किती पसरली ते मला कळणार नाही, डॉक्टरला कळणार नाही. पण तू रोज सकाळी उठलीस की मी तुला नावानं हाक मारीन. माणसांसमोर मारीन. रापियासमोर मारीन. मेंढा मागायला कोणाकडे निरोप पाठवायचा ते बघ, माझा बाप तर मेला."

म्हातारीनं हळूच वाटी पुढे सरकवली. बुरुलनं ती भरली नाही.

बाहेर तुरातनं हॉर्न वाजवला. टायर बघून झालं होतं.

बुरुल उठली. तिला वाटलं होतं, हे एकदा बोललं की छातीवरचं ओझं उतरेल, तसंच म्हणतात ना सगळे. काही उतरलं नाही. स्वेटरच्या आत, सोल बाजूला, ते जिथं होतं तिथंच होतं, आणि तेरा मेला अजून सोळा दिवस होते.